आमच्याशी तर चांगलाच वागायचा

सद्दाम हुसेनच्या शेवटच्या दिवसांवरचं एखादं रील तुमच्याही फोनवर कधीतरी आलं असेल. करुण पार्श्वसंगीत, फाशीच्या दिवशीचा तो काळा ओव्हरकोट, आणि एक ठरलेलं वाक्य: ज्याच्या नावानं अख्खा देश थरथरायचा, त्याच्या मरणानंतर त्याच्यावर पहारा देणारे अमेरिकन सैनिक रडले. खाली बदामांचा पाऊस.

यातली अडचण अशी, की हे रील खोटं नाही. त्यातली बरीचशी माहिती जाते विल बार्डनवर्पर यांच्या ‘द प्रिझनर इन हिज पॅलेस’ या २०१७ साली आलेल्या पुस्तकापर्यंत. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा दोन रात्रींत, फोनवर, आणि ते मला फार आवडलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं, तेव्हा सारखं थांबावं लागलं. या दोन वाचनांच्या मध्ये एक मयत झालं होतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी पुस्तक. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकन लष्कराची ५५१वी मिलिटरी पोलीस कंपनी इराकमध्ये दाखल झाली. तिच्यातल्या बारा जणांना एक वेगळं काम मिळालं: सद्दाम हुसेनला सांभाळायचं. बहुतेकजण विशीतले. सद्दाम ६९ वर्षांचा. १३ डिसेंबर २००३ रोजी तिकरितजवळच्या अद-दौर इथे जमिनीतल्या एका बिळातून त्याला बाहेर काढलं होतं, आणि आता त्याच्यावर खटला चालू होता. या पोरांनी स्वतःचं नाव ठेवलं ‘सुपर ट्वेल्व्ह’. सद्दामला ठेवलं होतं त्याच्याच एका पडक्या राजवाड्यातल्या कोठडीत. तिला ते ‘रॉक’ म्हणायचे. सुनावणी असली की न्यायालयाच्या तळघरातली कोठडी, ती ‘क्रिप्ट’.

बार्डनवर्पर स्वतः अमेरिकन पायदळात अधिकारी होते, इराकमध्ये लढून आलेले. त्यांनी या सैनिकांना नंतर गाठलं आणि बोलतं केलं. पुस्तक छोट्या छोट्या प्रकरणांचं आहे. कधी पहाऱ्याची खोली, कधी सद्दामचा भूतकाळ, कधी न्यायालय. हातातून खाली ठेवता येत नाही, आणि त्याचं कारण म्हणजे त्यातले बारीकसारीक तपशील.

सद्दाम नाश्ता टप्प्याटप्प्यानं करायचा: आधी ऑम्लेट, मग मफिन, मग फळं. ऑम्लेट फाटलेलं आलं तर हात लावायचा नाही. कोहिबा सिगार ओल्या वाइप्सच्या डब्यात जपून ठेवायचा आणि सिगार ओढायला आपल्याला फिडेल कॅस्ट्रोनं शिकवलं असं सांगायचा. व्यायामाच्या सायकलला तो लाडानं ‘पोनी’ म्हणायचा. रेडिओवर मेरी जे. ब्लाईजचं ‘फॅमिली अफेअर’ लागलं की खूश व्हायचा. अंगणात उगवलेल्या तणाला रोज पाणी घालायचा, जणू बाग आहे. आणि पोरांची चौकशी करायचा. घरी कोण असतं, मुलं किती, बायको काय म्हणते.

हे सगळं वाचताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. या बारा जणांना दिलेलं काम तसं विचित्रच होतं. त्याला कोणी मारू नये, त्यानं स्वतःला मारू नये, तो आजारी पडू नये, हे पाहायचं. ते कशासाठी? तर खटला पूर्ण व्हावा आणि शिक्षा झालीच तर ती भोगायला तो धडधाकट असावा. म्हणजे फासावर नेईपर्यंत जपायचं.

आणि जपलं की लळा लागतो. मराठीतला ‘लळा’ हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. लळा तान्ह्या पोराचा लागतो, रस्त्यावरच्या कुत्र्याचा लागतो, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या खाष्ट आजेसासूचाही लागतो. समोरच्याचं चारित्र्य विचारून तो लागत नाही. रोज कुणाचं जेवण आणायचं, औषध द्यायचं, त्याला झोप लागली की नाही ते बघायचं, एवढं केलं की पुरतं. आपण समजतो, माया असते म्हणून आपण काळजी घेतो. या पुस्तकात ते उलट घडताना दिसतं.

शिवाय बाहेर काय चाललं होतं ते आठवा. फेब्रुवारी २००६ मध्ये समाराच्या मशिदीत स्फोट झाला होता आणि इराकमध्ये शिया-सुन्नी कत्तलींनी कळस गाठला होता. कोठडीच्या बाहेर पडलं की रस्त्यातला कुठलाही खड्डा फुटू शकत होता. आत मात्र शांतता, सिगारचा वास आणि गप्पा मारणारा एक म्हातारा. या पोरांच्या वाट्याला ज्याचा पूर्ण चेहरा आला, असा जवळपास एकमेव इराकी माणूस सद्दाम हुसेन होता. बाकीचे इराकी एकतर धोका होते, नाहीतर गर्दी.

५ नोव्हेंबर २००६ रोजी फाशीची शिक्षा झाली. २६ डिसेंबरला अपील फेटाळलं गेलं. ३० डिसेंबरच्या पहाटे, ईदच्या दिवशी, त्याला बगदादच्या काधिमिया भागात नेऊन इराकी अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं. निघण्यापूर्वी त्यानं पहारेकऱ्यांचा निरोप घेतला आणि कुठल्याही इराक्यापेक्षा तुम्हीच मला घरच्यासारखे झालात, अशा अर्थाचं काही बोलला, असं पुस्तक सांगतं. एकाला त्यानं आपलं घड्याळ दिलं. फाशीनंतर बाहेर आणलेल्या प्रेतावर जमलेले लोक थुंकले, लाथा घालू लागले, तेव्हा हे अमेरिकन सैनिक हादरले. एकाला आवरावं लागलं. दुसऱ्या एकानं पुढे कबूल केलं, की आपणच एका जवळच्या माणसाचा खून केल्यासारखं वाटत राहिलं.

पुस्तकाचा सगळ्यात खरा भाग हाच आहे, आणि त्याबद्दल बार्डनवर्पर यांना दाद द्यायला हवी. या दुःखाला ठेवायला कुठे जागाच नव्हती. शत्रू मेला की सैनिकानं रडायचं नसतं. घरी सांगावं तर लोक म्हणणार, कोणासाठी रडतोस? पोरं परत गेली, ती हे सगळं मनात कोंडूनच. लेखकानं त्यांची टिंगल केली नाही, त्यांना भाबडंही ठरवलं नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना इतिहासाच्या इतक्या जवळ उभं करायचं आणि नंतर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही, हे सैन्यं कसं करतात, ते इथे दिसतं.

पहिल्या वाचनात मी इथे थांबलो होतो. डोळे भरून आले होते, हेही सांगून टाकतो.

* * *

मग ते मयत. आमच्या कॉलनीत एक निवृत्त मास्तर होते. मला बुद्धिबळ त्यांनी शिकवलं. माझे शाळेतले निबंध लाल पेनानं तपासायचे आणि चांगला झाला की श्रीखंडाची गोळी द्यायचे. त्यांच्या घरातून रात्री कधीकधी आवाज यायचे. भांडं आपटल्याचा, मग बाईंचा. दुसऱ्या दिवशी बाई पदर डोक्यावरून ओढून नळावर यायच्या. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

ते गेले तेव्हा मी भेटायला गेलो. बाहेर खुर्च्यांवर बसलेला प्रत्येकजण तेच म्हणत होता: आमच्याशी तर फार चांगले वागायचे हो. त्यांची मुलगी चहा देत होती. माझ्यापाशी आली तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघालं. तिनं कप माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, “हो. तुमच्याशी वागायचे.”

घरी येऊन मी ते पुस्तक पुन्हा काढलं.

* * *

बार्डनवर्पर सद्दामचे गुन्हे लपवत नाहीत, हे आधीच स्पष्ट करतो. रील बनवणारे लपवतात, ते नाहीत. विषारी वायू, छळछावण्या, कत्तली, सगळ्यांचा उल्लेख आहे. प्रश्न आहे तो हे सगळं कसं येतं याचा. माया येते प्रसंग होऊन. तिला वास आहे, आवाज आहे, ऑम्लेटची कड आहे. क्रौर्य येतं ते बरंचसं माहिती होऊन: साल, आकडा, ठिकाण. आणि वाचकाच्या लक्षात प्रसंग राहतो, माहिती निसटते. महिन्याभरानं विचारा. ‘पोनी’ आठवेल. हलब्जामध्ये १६ मार्च १९८८ रोजी विषारी वायूनं सुमारे पाच हजार माणसं मेली, हा आकडा पुन्हा शोधावा लागेल.

एक उदाहरण घेऊ. सद्दाम पहारेकऱ्यांना आपल्या थोरल्या मुलाचा, उदयचा, किस्सा सांगायचा. उदयनं एका पार्टीत गोळीबार केला. बाप इतका भडकला की त्यानं पोराच्या रोल्स रॉइस, फेरारी, पोर्शे असल्या सगळ्या गाड्या पेटवून दिल्या. ती आग आठवून सद्दाम मोठमोठ्यानं हसायचा. ऐकणाऱ्या पोरांना त्यात आपल्याकडच्यासारखाच एक कडक बाप दिसला असेल. मलाही पहिल्यांदा दिसला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की त्या पार्टीत माणसं मेली होती. किस्सा संपतो तेव्हा डोळ्यासमोर जळत्या गाड्या असतात. मेलेले कोण होते, हे विचारायचं राहूनच जातं. किस्सा सांगणाऱ्याची ताकद ही. आणि सद्दाम उत्तम किस्से सांगायचा.

त्याचा हा मोकळेपणा खरा होता की नाटक होतं, या प्रश्नावर पुस्तक बराच वेळ घुटमळतं. सैनिकही. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. समजा, खरा होता. शंभर टक्के खरा. मग?

जुलै १९७९ मध्ये, सत्ता हातात घेतल्यावर आठवड्याभरातच, सद्दामनं बाथ पक्षाच्या पुढाऱ्यांची बैठक बोलावली. कॅमेरे लावून. व्यासपीठावर तो सिगार ओढत बसला होता, आणि कटात सामील असल्याचा आरोप ठेवून एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. ज्याचं नाव येईल त्याला सभागृहाबाहेर नेत होते. बावीस जणांना नंतर गोळ्या घातल्या. सभा चालू असताना सद्दामनं डोळे पुसले, हेही त्या चित्रफितीत आहे. ते अश्रू खरे की खोटे, यानं त्या बावीस जणांना काय फरक पडला?

१९९५ मध्ये त्याचे दोन जावई जॉर्डनला पळून गेले. माफी मिळेल या भरवशावर फेब्रुवारी १९९६ मध्ये परत आले आणि काही दिवसांत मारले गेले. हाच माणूस स्वतःचं चित्र असलेली घड्याळं वाटायचा, मर्जीतल्यांना गाड्या द्यायचा. देणं हा त्याच्या राज्य करण्याचाच एक भाग होता. जो देतो त्याच्याकडे बघण्याची आपली नजर बदलते, हे त्याला आयुष्यभर ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी दिलेलं ते घड्याळ मनापासून दिलेलं असेलही. पण ते देणारा हात तोच होता, आणि त्या हाताला सवयही तीच होती.

इथे आणखी एका माणसाची आठवण येते. एफबीआयचे अधिकारी जॉर्ज पिरो. जन्मानं लेबनीज, अरबी अस्खलित बोलणारे. त्यांनी २००४ मध्ये सद्दामची महिनोन्‌महिने चौकशी केली. त्यांनीही त्याच्याशी जवळीक साधली. त्याच्या वाढदिवसाला पिरोंच्या आईनं केलेली बिस्किटं त्याला खाऊ घातली. पण त्यांनी कोठडीच्या आसपासची घड्याळं काढून घेतली होती, पहारेकऱ्यांच्या मनगटावरचीही. किती वाजले हे कळायला सद्दामला पिरोंनाच विचारावं लागायचं. जवळीक हे पिरोंचं हत्यार होतं आणि त्याची मूठ त्यांच्या हातात होती. त्यातूनच सद्दामनं कबूल केलं, की संहारक अस्त्रं असल्याचा भास आपण इराणला धाक राहावा म्हणून टिकवला होता.

‘सुपर ट्वेल्व्ह’मधल्या पोरांकडे असली कुठलीच मूठ नव्हती. त्यांना अरबी येत नव्हती, इराकचा इतिहास कुणी नीट शिकवला नव्हता. त्यांना कैदी दिला, पण त्या कैद्यानं काय केलं ते समजून घ्यायला लागणारं काहीच दिलं नाही. त्यांच्या लळ्याचा दोष मी त्यांना देत नाही. ज्यांनी त्यांना तिथे असं मोकळ्या हातानं उभं केलं, त्यांच्याकडे पुस्तकानं आणखी रोखून बघायला हवं होतं.

आणि हे फक्त या बारा जणांपुरतं नाही. २००५ मध्ये ‘जीक्यू’ मासिकात पेनसिल्व्हेनियाच्या नॅशनल गार्डमधल्या पाच सैनिकांच्या आठवणी आल्या होत्या. त्यांच्याही आठवणीतला सद्दाम डोरिटोजची पिशवी बघता बघता फस्त करणारा आणि लग्नासाठी मुलगी कशी बघावी याचे सल्ले देणारा आहे. लष्करातले परिचारक रॉबर्ट एलिस यांनी ‘केअरिंग फॉर व्हिक्टर’ या पुस्तकात असाच माणूस रंगवलाय. ‘व्हिक्टर’ हे सद्दामचं सांकेतिक नाव. जेवणातला पाव पाखरांसाठी राखून ठेवणारा. एलिस यांचा भाऊ मरणाच्या दारात आहे हे कळल्यावर, आता मी तुझा भाऊ, म्हणत त्यांना मिठी मारणारा. वेगवेगळी माणसं, वेगवेगळी वर्षं, आणि चित्र एकच. त्यामुळे मी तरी या आठवणी खऱ्या मानतो.

खऱ्या मानूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा: या आठवणी कशाचा पुरावा आहेत? सद्दाम त्या माणसांशी चांगला वागला, एवढ्याचाच. त्यापुढे एक पाऊलही त्या जात नाहीत. कैदी झालेल्या हुकूमशहाला पहारेकऱ्याशी वाईट वागण्याची सोयच नसते. ज्याच्या हातात काहीच उरलं नाही त्याच्या चांगुलपणावरून, हातात सगळं होतं तेव्हाचा माणूस मोजायचा कसा?

आपण मात्र तसाच मोजतो. एखाद्या नामवंत दिग्दर्शकावर, लेखकावर, सरांवर आरोप झाला की पहिली प्रतिक्रिया कोणती येते? ‘मी इतकी वर्षं ओळखतो, माझ्याशी तर कधी...’ बोलणारा खोटं बोलत नसतो. मीही त्या खुर्चीवर बसून खोटं बोललो नव्हतो. पण आपला खरा अनुभव आपण दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या अनुभवावर झाकण म्हणून ठेवतो आणि ते आपल्याला कळतही नाही. हे पुस्तक त्या झाकणाबद्दल आहे, असं मला आता वाटतं. लेखकाला ते दिसलंय, पण तो ते पूर्ण उचलत नाही.

* * *

ते उचललं तर खाली काय आहे? ज्या खटल्यात सद्दामला फाशी झाली, तो दुजैलचा.

दुजैल हे बगदादच्या उत्तरेचं, बागायतीचं गाव. ८ जुलै १९८२ रोजी तिथे सद्दामच्या ताफ्यावर गोळीबार झाला. तो वाचला. मग गावातली कुटुंबंच्या कुटुंबं उचलली गेली, बायका-मुलांसकट. १४८ पुरुष आणि मुलगे मारले गेले. खजुराच्या, फळांच्या बागा मुळासकट उपटून जमीनदोस्त केल्या. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयात दुजैलची एक बाई पडद्याआडून बोलली. तिचा आवाज यंत्रानं बदललेला होता. अटक झाली तेव्हा ती कोवळी मुलगी होती. कपडे उतरवून आपल्याला कसं मारलं, विजेचे झटके कसे दिले, ते ती रडत रडत सांगत होती. ना तिचा चेहरा जगाला दिसला, ना खरा आवाज ऐकू आला. तेवीस वर्षांनंतर, सद्दाम पिंजऱ्यात बसलेला असतानाही, तिला पडदा लागत होता.

तिचं रील तुम्हाला येणार नाही. दाखवण्यासारखं त्यात काही नाही. एक पडदा आहे फक्त.

३० डिसेंबरला प्रेतावर थुंकणाऱ्यांकडे पहिल्या वाचनात मीही त्या सैनिकांच्या नजरेनं पाहिलं होतं: रानटी गर्दी. मेलेल्या माणसाची विटंबना मला आजही पटत नाही. फाशीही पटत नाही. त्या घाईत अन्फाल मोहिमेत मारलेल्या हजारो कुर्दांचा खटला सद्दामपुरता तिथेच संपला, त्याचं उत्तर त्याला द्यावंच लागलं नाही. पण ती जागा सद्दामच्या काळात लष्करी गुप्तहेर खात्याची होती, हे कळल्यावर गर्दीतल्या एकेकाबद्दल विचार करावासा वाटतो. यातल्या कुणाचा भाऊ इथे आणला गेला असेल? कुणाचा बाप? त्यांच्याशी सद्दाम कसा वागला होता, ते त्यांना आपण विचारलं नाही.

‘द प्रिझनर इन हिज पॅलेस’ वाचा. चांगलं पुस्तक आहे, आणि त्यातली पोरं खोटं बोलत नाहीत. फक्त तणाला पाणी घालणारा तो म्हातारा आला, की वाचता वाचता क्षणभर थांबा. १ मार्च २००६ रोजी त्याच म्हाताऱ्यानं भर न्यायालयात उभं राहून कबूल केलं होतं, की दुजैलच्या बागा उखडण्याचा हुकूम त्याचाच होता. आणि यात गुन्हा काय झाला, असं वर विचारलं होतं.